साने गुरुजी : रडणारा माणूस भित्रा नसतो



२४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते. त्या दिवशी आपल्या शाळांमध्ये फोटोला हार घातला जातो, परिपाठात एखादा विद्यार्थी भाषण करतो आणि 'श्यामची आई'मधली एखादी गोष्ट सांगितली जाते. ११ जूनला त्यांची पुण्यतिथी असते. ती मात्र शाळा उघडायच्या गडबडीत निघून जाते. पुस्तकं मोजायची, पटनोंदणी करायची, पहिलीच्या मुलांचं स्वागत करायचं, यात त्या तारखेकडे कुणाचं लक्ष जात नाही. आज मी गुरुजींचं चरित्र जन्मापासून शेवटच्या दिवसापर्यंत सांगणार आहे. ते सांगावंसं वाटलं ते माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या प्रश्नामुळे.

आधी माझी चूक सांगतो. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. एका मुलाचे आजोबा गावी वारले. पाच-सहा दिवसांनी तो शाळेत आला आणि गणिताच्या तासाला अचानक रडायला लागला. मागच्या बाकावरची मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं, आणि त्या मुलाला म्हणालो की डोळे पूस, तू मुलगा आहेस ना, मुलं अशी रडत नाहीत. मला वाटलं मी त्याला धीर दिला. तो गप्प झाला. पुढच्या आठवड्यात मात्र त्याच्या तक्रारी यायला लागल्या. याला ढकललं, त्याची पाटी फोडली. रडणं थांबलं आणि मारामारी सुरू झाली. या दोन्हींचा संबंध माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

त्यानंतर डिसेंबरमध्ये गुरुजींची गोष्ट सांगत होतो. गुरुजी फार हळवे होते, त्यांच्या डोळ्यांत लगेच पाणी यायचं, असं मी म्हणालो. तेव्हा त्याच मुलाने विचारलं की सर, गुरुजी मोठे झाल्यावरपण रडायचे का? आणि मग त्यांना कुणी चिडवायचं नाही का?

मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी जाऊन गुरुजींचं आयुष्य नीट वाचून काढलं.

पालगडचा श्याम

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगड या गावी झाला. हे गाव दापोली तालुक्यात आहे. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणं खोतांचं होतं, पण वैभव ओसरलेलं होतं आणि कर्ज वाढत चाललं होतं. सावकाराचा माणूस दारात बसणं, घरावर जप्ती येणं हे सगळं या मुलाने लहानपणी पाहिलं.

आईची शिकवण आपल्याला 'श्यामची आई'मुळे माहीत आहे. पण ती माउली नुसती लाड करणारी होती असा आपला समज असतो. पुस्तकात 'श्यामचे पोहणे' नावाची रात्र आहे. गावातली मुलं विहिरीत पोहायला शिकतात आणि श्याम मात्र भीतीने माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारून पोहायला पाठवते. नंतर त्याला जवळ घेऊन समजावते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं हे तिला सहन होत नव्हतं. आज आपण मुलांना मारत नाही आणि मारूही नये. पण या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे. आईने श्यामची पाण्याची भीती घालवली, त्याचं रडणं बंद केलं नाही. भित्रं असणं आणि हळवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या न शिकलेल्या बाईला कळत होतं. मला डी.एड. करूनही ते कळलं नव्हतं.

त्याच पुस्तकात सहाव्या रात्रीचं नाव 'थोर अश्रू' असं आहे. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून लहान श्याम आईला पदर पसरायला सांगतो. आई पसरते, आणि पाय जसे जपतोस तसं मनही स्वच्छ ठेव असं सुचवते. शरीर धुवायला जसं पाणी लागतं तसं मन धुवायला डोळ्यांतलं पाणी लागतं, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. आपण मुलांना पदराची गोष्ट सांगतो. अश्रूंचा भाग मात्र बऱ्याचदा गाळतो, निदान मी तरी गाळायचो.

वडिलांचीही एक गोष्ट सांगायला हवी. 'अळणी भाजी' या प्रकरणात आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्द न बोलता, उलट कौतुक करत ती भाजी खातात. स्वतः जेवायला बसल्यावर आईला आपली चूक कळते. वडिलांनीही मनातलं लपवलंच होतं. पण ते समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. आपल्याला कुणी बायल्या म्हणेल या लाजेने लपवणं वेगळं. मुलांना आवर घालायला शिकवायचं तर ते पहिल्या प्रकाराने शिकवावं.

आई गेली तेव्हा

पांडुरंगाचं शिक्षण पालगड, दापोली, औंध आणि मग पुणे असं झालं. बऱ्याचदा दुसऱ्याच्या दारी जेवून, उपाशी राहून, चालत प्रवास करून तो शिकला. २ नोव्हेंबर १९१७ रोजी आई गेली. तो तेव्हा शिकायला दूर होता. पुस्तकातला श्याम घरी पोहोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं, आईची भेट होत नाही. तेव्हा गुरुजी अठराव्या वर्षात होते.

इथे मला माझी आठवण येते. माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. येणारा प्रत्येक माणूस खांद्यावर हात ठेवून सांगत होता की तू मोठा आहेस, आईला आणि बहिणीला तुलाच सांभाळायचंय, तू खचू नकोस. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण मी रडलोच नाही, आणि ते न रडणं पुढे कितीतरी वर्षं अंगावर राहिलं. आपल्याकडे घरातल्या मोठ्या मुलाला दुःख करायला सवडच देत नाहीत.

गुरुजींनी ते दुःख गिळून टाकलं नाही. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते कागदावर उतरवलं. अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली. आश्रमातले मित्र रात्री एकत्र बसतात आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो अशी पुस्तकाची मांडणी आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे एक तरुण पुरुष आपल्या मित्रांसमोर आईची आठवण काढतो आणि ते सगळे ऐकतात. आज आपल्या मुलांच्या मित्रमंडळात क्रिकेट, मोबाईल, गाड्या यावर तासन् तास गप्पा होतात. घरातलं दुःख मित्राला सांगणारे किती असतील?

अमळनेरचे मास्तर

एम.ए. झाल्यावर १९२४ मध्ये गुरुजी खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे ते मुलांच्या खोल्या झाडायचे, अस्ताव्यस्त अंथरुणं नीट घड्या करून ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे, मुलांचे कपडे धुवायचे. आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसायचे. सुरुवातीला मुलांना याची गंमत वाटली असेल. पण आपलं काम सर करतात हे पाहून मुलं हळूहळू स्वतःच ती कामं करू लागली. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केलं.

ही सगळी कामं त्या काळात आणि खरं म्हणजे आजही बायकांची समजली जातात. 'श्यामची आई'मध्ये तेविसाव्या रात्रीचं नावच 'अर्धनारी नटेश्वर' आहे. श्याम घरात स्वयंपाकाला, कामाला आईला मदत करतो. पुरुषात स्त्रीचे गुण आणि स्त्रीत पुरुषाचे गुण आले तरच माणूस पूर्ण होतो, असा विचार त्यात मांडला आहे. हे १९३३ मध्ये लिहिलंय. आमच्या शाळेत अजूनही कार्यक्रमाला रांगोळी मुलींनी आणि बाकं उचलायची मुलांनी अशीच वाटणी होते. वाटणी आम्हीच करतो.

हळवा माणूस आणि तुरुंग

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. गुरुजींना कुणी चिडवायचं नाही का? चिडवायचे. त्यांच्या लिखाणाला रडवं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. एखादा मुलगा हळवा असला की गमतीने त्याला साने गुरुजी म्हणतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. म्हणून या हळव्या माणसाने काय काय केलं ते मुलांना एकापुढे एक सांगायला हवं.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांनी सहा वर्षांची शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते तुरुंगात गेले. आधी धुळे, मग तिथून थेट दक्षिणेत त्रिचनापल्लीचा तुरुंग. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतले कैदी भेटले. आपल्याच देशबांधवांची भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना खंत वाटली. पुढे त्यांनी मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेचं मूळ तिथे आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती जशीच्या तशी टिपून घेणारे हात साने गुरुजींचे होते. आज 'गीता प्रवचने' वाचणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं हे ऋण आहे. पुढे खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी ते झगडले, १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहिले आणि पुन्हा पकडले गेले.

सगळ्यात मोठं धाडस मला पंढरपूरचं वाटतं. विठ्ठलाचं मंदिर तेव्हा दलितांसाठी बंद होतं. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मनं वळवायचा प्रयत्न केला. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसले. इंग्रजांविरुद्ध लढताना आपली माणसं बरोबर असतात. इथे विरोध आपल्याच माणसांचा होता. त्यांनी कुणावर हात उगारला नाही. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुलं करायचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं.

वसईच्या आपल्या मुलांना शौर्य म्हटलं की किल्ला आठवतो. सहलीला नेतो तेव्हा १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई कशी घेतली ते आपण रंगवून सांगतो. सांगायलाच हवं. पण त्याच मुलांना हेही कळायला हवं की एक शौर्य तलवारीशिवायही असतं, आणि ते करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी असू शकतं. दुसऱ्याचं दुःख ज्याला लागतं तोच त्याच्यासाठी दहा दिवस उपाशी राहतो. गुरुजींचा हळवेपणा आणि त्यांचं धाडस या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

शेवटची दोन वर्षं

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. गुरुजींना तो धक्का फार खोल बसला. त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. लिखाण, दौरे, सेवादलाची मुलं, सगळं चालू होतं. पण आत काहीतरी विझत होतं. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांचं वय पन्नास होतं.

चौथीच्या वर्गात हे सांगायचं नाही, हे उघड आहे. पण आपण मोठ्यांनी ते टाळू नये. असं टोक कुणी का गाठतं याचं एकच कारण कधी नसतं. देशाची निराशा, गांधीजी गेल्याचं दुःख, मूळचा स्वभाव, असं बरंच बोललं जातं. मी त्यात निवाडा करणार नाही. ही गोष्ट मोठेपणाची नाही आणि कमीपणाचीही नाही, ती आजारासारखी समजून घ्यायची गोष्ट आहे.

मला मात्र एक विचार सोडत नाही. हा माणूस इतरांसाठी भरपूर रडला. मुलांसाठी, दलितांसाठी, देशासाठी. सगळे त्यांना मातृहृदयी म्हणायचे. आजारी मुलाच्या उशाशी बसणाऱ्या या आईच्या उशाशी कोण बसलं? आपलं ओझं दुसऱ्यावर टाकायला त्यांना संकोच वाटत असेल का? मला ठाऊक नाही. पण मी शिकलो ते एवढंच की नुसतं रडता येणं पुरेसं नाही. मला त्रास होतोय, माझ्याजवळ बस, असं कुणाला तरी म्हणता यायला हवं. मुलींना आपण ते थोडंफार म्हणू देतो. मुलांना अजिबात नाही. आणि एखादा माणूस सगळ्यांचा आधार आहे असं दिसलं की त्याला विचारायचंच विसरतो.

गुरुजी गेल्यावर तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' चित्रपट काढला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. थिएटरच्या अंधारात पुरुषांनीही डोळे पुसले असं जुनी माणसं सांगतात. अंधार होता म्हणून पुसता आले, असं मला वाटतं.

आपण काय करू शकतो?

मी माझ्या वर्गात केलेले काही साधे बदल सांगतो. पटले तर करून पाहा.

१. मुलांनी रडायचं नसतं, मुलीसारखा काय रडतोस, ही वाक्यं बंद केली. तोंडात येतात अजून, पण गिळतो. त्याऐवजी काय झालं, इथे बसायचंय का, एवढंच विचारतो. बऱ्याचदा दोन मिनिटांत मूल शांत होतं.

२. एखादा मुलगा सारखा मारामारी करायला लागला तर शिक्षेच्या आधी घरी काय चाललंय ते विचारतो. राग हीच एक भावना मुलग्यांना उघड दाखवायला परवानगी असते. म्हणून दुःख, भीती, लाज हे सगळं रागाच्या कपड्यात बाहेर येतं.

३. शनिवारी मुलं वहीत मनातली एक गोष्ट लिहितात. नाव लिहायची सक्ती नाही. वाचून दाखवायचीही नाही. पहिले दोन शनिवार मुलग्यांनी फक्त क्रिकेटचा स्कोअर लिहिला. तिसऱ्या शनिवारी एकाने लिहिलं की पप्पा आणि आजी भांडतात तेव्हा त्याला पोटात दुखतं.

४. झाडू, रांगोळी, पाणी भरणं, बाकं उचलणं ही कामं मुलामुलींना आळीपाळीने देतो.

पालकांना, खास करून बाबांना एक विनंती. आपल्या भागातले कितीतरी बाबा पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री विरार लोकलमध्ये लटकत परत येतात. मूल झोपलेलं असतं. दमणूक मला कळते. पण आठवड्यातून एकदा तरी मुलाला आपल्या दिवसातली एखादी गोष्ट सांगा. आज साहेब बोलले, वाईट वाटलं, एवढंच सांगितलं तरी चालेल. बाबांनाही वाईट वाटतं हे मुलाला कळू द्या. मग तोही सांगेल. आणि स्वतःला फार जड होत असेल तर कुणाशी तरी बोला. टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. सांगितलं की हो, गुरुजी मोठे झाल्यावरही रडायचे, लोक त्यांना चिडवायचेही, पण ते तुरुंगालाही घाबरले नाहीत आणि पंढरपुरात उपाशी बसायलाही. मग त्याला बाजूला घेऊन म्हणालो की मागे तू आजोबांसाठी रडत होतास तेव्हा मी तुला गप्प केलं, ते माझं चुकलं. तो काहीच बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र माझ्या टेबलाजवळ येऊन, आजोबा त्याला रोज संध्याकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कसे न्यायचे, ते सांगत बसला. आजोबा गावी गेल्यापासून तो किनाऱ्यावर गेलाच नव्हता.

येत्या ११ जूनला शाळा उघडायच्या गडबडीत दोन मिनिटं गुरुजींची आठवण काढू या. आणि पहिल्या दिवशी दारात रडणाऱ्या पहिलीच्या मुलग्याला, मुलगा असून रडतोस का, असं निदान आपण तरी म्हणायला नको.